दहा बाय अकराच्या खोलीत बोहो: बेडरूम सजवायची क्रमवार पद्धत

बोहो बेडरूम म्हटलं की एकच फोटो डोळ्यांपुढे येतो. पांढरी भिंत, वेताची खुर्ची, भिंतीवर गाठींचं मॅक्रमे, पलंगावर आठ उशा आणि कोपऱ्यात फुललेलं पम्पास गवत. हा फोटो कोरड्या हवेच्या देशातला आहे. तो जसाच्या तसा ठाण्यात किंवा रत्नागिरीत उभा केला, तर जुलै संपायच्या आत गवत लोळतं, ज्यूटचा गालिचा कुबट वास मारू लागतो आणि आठ उशांपैकी सहा खुर्चीवर जाऊन बसतात. त्यामुळे या लेखात प्रत्येक वस्तूला दोनच प्रश्न विचारले आहेत: हाताला ती कशी लागते, आणि पावसाळ्यात तिचं काय होतं?

नावाबद्दल थोडक्यात. ‘बोहो’ हे ‘बोहेमियन’चं छोटं रूप. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. फ्रान्समध्ये भटक्या रोमा लोकांना तिकडचे समजून ‘बोहेमियन’ म्हणत, आणि एकोणिसाव्या शतकात हे नाव पॅरिसमधल्या कफल्लक चित्रकार-लेखकांना चिकटलं. त्यांच्या खोल्यांत होतं ते मिळेल तिथून आणलेलं, वापरलेलं, डागडुजी केलेलं सामान. म्हणून बोहोचा तयार सेट विकत घेणं हे मुळातच उलटं आहे. आणि ‘आधुनिक बोहो’ म्हणतात त्यातल्या ‘आधुनिक’ या शब्दाचा अर्थ इतकाच की भिंती शांत ठेवायच्या, रंग मोजके ठेवायचे आणि जमिनीचा निम्मा भाग मोकळा सोडायचा.

खालची सगळी मापं १० फूट बाय ११ फूट, साडेनऊ फूट उंच खोलीची आहेत. एक चार फुटी खिडकी, एका भिंतीला दोन फूट खोल कपाट, छताच्या मध्यावर ४८ इंची पंखा. शहरातल्या बहुतेक फ्लॅटमधली बेडरूम साधारण अशीच असते.

पायरी १: खोली रिकामी करा, मग मोजा

आधी पलंग आणि कपाट सोडून सगळं बाहेर काढा. पडदेसुद्धा. पलंगाची उशाकडची बाजू दहा फुटी भिंतीला आणि कपाट समोरच्या भिंतीला, ही मांडणी धरा. पाच फूट रुंद पलंग मध्यावर ठेवला की दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात. साडेसहा फूट लांबी आणि कपाटाची दोन फूट खोली वजा केली की पायथ्याशीही अडीच फूट उरतात. सहा फूट रुंद पलंग घेतलात तर बाजूला दोनच फूट राहतात आणि मग तिथे छोटं स्टूल, कुंडी, दिवा असं काहीही धड बसत नाही. बोहोला कडेची जागा लागते, म्हणून पाच फुटी पलंगच बरा.

आता पंखा. पात्यांचं टोक मध्यापासून दोन फुटांवर फिरतं, म्हणजे उशाकडच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर. छतापासून सोडायची कुठलीही गोष्ट, मग ती जाळीची छत्री असो, लटकती कुंडी असो की कागदी कंदील, पात्यांच्या टोकापासून निदान दोन फूट लांब हवी. उशाकडून मोजलं तर भिंतीलगतचा दीड फुटाचा पट्टाच काय तो वापरता येतो. परदेशी फोटोत पंखा नसतो, त्यामुळे हे गणित कुणी सांगत नाही आणि मग कापड पात्यात जातं.

पायरी २: ओल तपासा

रंग, कापड, दोरा, सगळं या तपासणीवर अवलंबून आहे. बाहेरच्या बाजूच्या भिंतीवर फूटभर लांबी-रुंदीचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि एक दिवस तसाच ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या हवेची आहे. पहिल्या प्रकारात आधी बाहेरचं प्लास्टर किंवा वरच्या मजल्याची गळती दुरुस्त झाली पाहिजे. तोवर त्या भिंतीवर रंग, कापड, लाकूड काहीच नको. वरून कितीही महाग रंग लावला तरी क्षार फुलून पोपडे येणारच. दुसऱ्या प्रकारात खिडकी उघडी ठेवणं आणि कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढणं एवढ्यानं बरंच काम होतं.

पायरी ३: रंग आणि पलंगामागची कमान

रंग तीनच निवडा. पाया म्हणून चुन्यासारखा मऊ पांढरा, जरा पिवळसर अंगाचा. दुसरा मातीतला: गेरू, काव किंवा विटकरी. तिसरा एकच गडद: नीळ, मेंदी किंवा हळद, यांपैकी कुठलाही एक. पांढऱ्यावर लाल मातीचा रंग ही जोडी आपल्याला नवी नाही. कोकण-गोव्यातल्या जुन्या देवळांवरच्या काविकलेत चुन्याच्या भिंतीवर हीच काव दिसते. ती डोळ्यांना थकवत नाही, हे तिथे उभं राहिलं की कळतं.

हिशेब असा. भिंतींचा घेर ४२ फूट गुणिले साडेनऊ फूट म्हणजे ३९९ चौरस फूट. दार-खिडकी वजा जाता साधारण ३६०. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर दोन हातांसाठी एक लिटर इमल्शन साधारण १२० चौरस फुटांना पुरतं, म्हणजे तीन लिटर. छताला आणखी एक. नव्या पुट्टीवर प्रायमर टाळू नका. पुट्टी रंग पिते आणि मग दोनाचे चार हात होतात.

रंगकाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पावसाळ्यात हात वाळायला वेळ लागतो, आणि ओल्यावर दुसरा हात मारला की रोलरबरोबर पहिलाही निघून येतो.

आता कमान. आधुनिक बोहोत पलंगाच्या मागे रंगानं काढलेली कमान लाकडी हेडबोर्डचं काम करते, खर्च फक्त अर्ध्या लिटर रंगाचा आणि एका दुपारचा. पाच फुटी पलंगाला कमान सहा फुटी घ्या. दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच दिसली पाहिजे, नाहीतर पलंगानं ती गिळून टाकल्यासारखी वाटते.

भिंतीचा पाया रंगवून किमान दोन दिवस झालेले असावेत. पलंगाचा मध्य भिंतीवर खुणेनं घ्या आणि ओळंबा सोडून तिथून उभी रेघ मारा. जमीन सरळ आहे असं समजून फरशीपासून मोजत बसू नका, जुन्या इमारतीत ती क्वचितच सरळ असते. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फुटांवर उभ्या रेघा, जमिनीपासून साडेतीन फूट उंचीपर्यंत. मध्यरेषेवर त्याच साडेतीन फुटांवर बारीक खिळा ठोका.

इथे बहुतेकजण खिळ्याला दोरा बांधून पेन्सिल फिरवतात. दोरा ताणला जातो आणि कमान एका खांद्याला उतरते. त्याऐवजी सव्वातीन फूट लांबीची पातळ लाकडी पट्टी घ्या, बरोबर तीन फुटांच्या अंतरावर तिला दोन भोकं पाडा, एक खिळ्यात अडकवा, दुसऱ्यात पेन्सिल घाला आणि फिरवा. अर्धवर्तुळ एका दमात निघतं आणि माथा साडेसहा फुटांवर येतो. खिळा काढून भोक पुट्टीनं बुजवा.

सरळ कडांना मास्किंग टेप लावा आणि नखानं तिची कड दाबून घ्या. मग त्या कडेवरून आधी भिंतीचाच पांढरा रंग हलका फिरवून वाळू द्या. टेपखाली जो काही रंग झिरपायचा तो पांढराच झिरपतो, फट बुजते आणि नंतरची गेरूची कड सुरीनं कापल्यासारखी येते. गोलाईवर टेप वळत नाही, सुरकुत्या पडतात. तिथे एक इंची सपाट ब्रश घेऊन पेन्सिलीच्या आतून हातानंच रेघ ओढा. ब्रश भरलेला पण न गळणारा हवा, आणि हात खांद्यापासून फिरवा, मनगटातून नाही. कड झाली की आतला भाग छोट्या रोलरनं भरा. शेवटचा हात ओलसर असतानाच टेप तिरकी ओढून काढा. पूर्ण वाळल्यावर काढली तर रंगाची साल तिच्याबरोबर येते.

क्षेत्रफळ सुमारे ३५ चौरस फूट भरतं. गेरूसारखा गडद रंग तीन हात मागतो, म्हणून चारशे ते पाचशे मिली लागतो. दोनशे मिलीचा नमुन्याचा एकच डबा घेतलात तर माथ्यापर्यंत पोचेपर्यंत संपेल. दोन किंवा तीन डबे घेतलेत तर आधी एका भांड्यात एकत्र कालवा, दोन डब्यांच्या छटेत सूक्ष्म फरक असू शकतो. आणि छटा ठरवताना फूटभर जाड कागदावर रंग लावून तो सकाळच्या उजेडात आणि रात्री दिव्याखाली, दोन्ही वेळा भिंतीवर धरून बघा. पिवळ्या प्रकाशात गेरू एकदम नारिंगीकडे झुकतो.

गेरूवर वारली काढायचा मोह बऱ्याच जणांना होतो. काढा, पण पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रकारांकडून काढून घ्या किंवा त्यांनी कागदा-कापडावर केलेलं चित्र फ्रेम करा. छापील स्टिकर नको. आणि एक लक्षात असू द्या: लग्नातला चौक हा पालघाट देवीचा असतो, तो विधीचा भाग आहे. शोभेसाठी तारपा नाच, शेत, झाडं, पक्षी असे विषय घ्या.

पायरी ४: पलंग

फोटोंत गादी थेट जमिनीवर असते. आपल्याकडे ते करू नका. गादीखाली हवा खेळली नाही की शरीराची वाफ आणि फरशीचा गारवा मिळून खालच्या बाजूला बुरशी धरते, आणि ती दिसते तेव्हा गादी वाया गेलेली असते. खालून झाडू जाईल एवढी, म्हणजे निदान सहा इंच मोकळी जागा ठेवून एकूण उंची गादीसकट १८ इंचांपर्यंत आणा. तेवढंही बसकं आणि निवांत दिसतं. खाली अखंड प्लायवूड असेल तर दर चार-सहा इंचांवर एकेक इंची भोकं सुताराकडून पाडून घ्या.

खाली सामान भरायचा पेटीपलंग असेल तर तो बदलायची गरज नाही. त्याच्या सनमायकाच्या कडा झाकतील इतका लांब पलंगपोस टाकला की झालं.

पायरी ५: कापड, खोलीचा खरा जीव

पैसा आणि वेळ इथे खर्च करा. बोहो खोलीत डोळा रंगापेक्षा पोत जास्त वाचतो. गुळगुळीत, खरबरीत, जाळीदार, जाड अशी चार प्रकारची कापडं शेजारी आली की खोली भरलेली वाटते, रंग दोनच असले तरी. सगळं कापड एकाच पोताचं असेल तर दहा रंग आणूनही खोली सपाट दिसते.

थर असे लावा. सर्वात खाली साधी पांढरी सुती चादर. त्यावर हातमागाचा एकरंगी पलंगपोस, जरा खरबरीत. पायथ्याकडे दोन ते अडीच फुटांची घडी करून गोधडी. बाजूला अंगावर घ्यायला जकार्ड मागावरची सोलापुरी चादर, नक्षी दोनच रंगांतली निवडा. थंड गावात घोंगडी टाकली तर खडबडीतपणाचा शेवटचा सूर लागतो, पण ती त्वचेला टोचते, म्हणून ती पायथ्याशीच असू द्या.

गोधडीबद्दल थोडं अधिक. जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून धावदोऱ्यानं शिवलेली गोधडी म्हणजे या शैलीला जे हवं असतं ते सगळं: वापरून मऊ झालेलं कापड, हाताचे वाकडेतिकडे टाके, ठिगळांची स्वतःची रंगसंगती. ती माळ्यावर असेल तर उतरवा. उन्हात वाळवा, शिवण सुटली असेल तिथे त्याच जाडीच्या सुती दोऱ्यानं भरा. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडाला कापत जातो. नवी करून घेणार असाल तर आतल्या थरांसाठी सुतीच साड्या द्या. एकही थर सिंथेटिक असला की धुतल्यावर बाकीचे आटतात, तो आटत नाही, आणि गोधडीला पोट सुटतं.

उशा: झोपायच्या दोन, शोभेच्या तीन, बस. शोभेच्या उशीची आतली भरण अभ्र्यापेक्षा दोन इंच मोठी घ्या, १६ इंची अभ्र्यात १८ इंची उशी. नाहीतर चारही कोपरे रिकामे लोंबतात. सावरीचा कापूस मऊ लागतो पण तो दबतो. वर्षाकाठी ऊन दाखवावं लागतं.

छापील सुती कापड, अजरख असो की कलमकारी, शिवण्याआधी धुवून घ्या. हातमागाचं कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून मापापेक्षा पाचेक टक्के जास्त घ्यायचं. रंग सुटतो का हे पाहायला पांढऱ्या ओल्या फडक्यानं मागच्या बाजूला वीसेक वेळा घासा. फडक्यावर निळं-लाल उमटलं तर ते कापड पांढऱ्या चादरीवर टाकू नका. दमट रात्री घामानंसुद्धा डाग पडतो.

पडद्यांसाठी खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे पाच फुटी दांडा, साडेसात फूट उंचीवर. खिडकी मोठी वाटते आणि पडदे उघडले की काच झाकली जात नाही. घेर दांड्याच्या दीड ते दोन पट हवा. ४४ इंची पन्ह्याचं मलमल किंवा खादी घेतलं तर तीन पाट लागतात. प्रत्येकी साडेआठ फूट धरून साधारण आठ मीटर कापड.

किंवा साडी. साडेपाच मीटरची सुती सहावारी मधोमध कापली की नऊ फुटांचे दोन पाट होतात, प्रत्येकी पावणेचार फूट रुंद. घेर दीडपट मिळतो, काठ आपोआप उभे बाजूंनी येतात. कापलेली बाजू वर घेऊन तिथे तीन इंचांचा नेफा शिवा, पदर एका पाटाच्या खाली येऊ द्या. नऊ फुटांतला उरलेला भाग खाली दुमडा, कापू नका. दुमडीच्या वजनानं पडदा सरळ पडतो. पडद्याची खालची कड फरशीपासून इंचभर वर ठेवा. लोळणारा पडदा फोटोत छान दिसतो, पण रोज फरशी पुसणाऱ्या घरात महिन्याभरात त्याला काळी किनार येते.

जमिनीवर ज्यूट नको. ओल्या पुसण्यानं तो पाणी पितो आणि फिक्या फरशीवर तपकिरी डाग सोडतो. दोन फूट बाय पाच फुटाच्या दोन सुती सतरंज्या पलंगाच्या दोन्ही बाजूंना टाका, खाली रबरी जाळी घाला. टाइल्सवर सतरंजी सरकते आणि माणूस पडतो.

पायरी ६: मॅक्रमे, स्वतः विणलेलं

कमानीच्या बाजूच्या भिंतीसाठी १६ इंच रुंद, २४ इंच लांब तुकडा पुरे. साहित्य: २० इंची सरळ काठी (पेरूची वाळलेली फांदी उत्तम, साल काढून पॉलिश पेपरनं घासलेली), आणि ४ मिमी जाडीचा सुती पिळाचा दोरा १०० मीटर. नायलॉनचा दोरा चकाकतो आणि गाठी सुटतात, तो घेऊ नका.

दोऱ्याचे साडेतीन मीटरचे २८ तुकडे कापा. प्रत्येक मधोमध दुमडा, दुमड काठीच्या पुढून मागे टाका, दोन्ही टोकं त्या फासातून ओढून घ्या. २८ तुकड्यांची ५६ टोकं झाली, चार-चारांचे १४ गट.

चौकोनी गाठ: चारांपैकी मधली दोन स्थिर. सर्वात डावीकडचं टोक मधल्या दोघांवरून उजवीकडे न्या, वाटेत इंग्रजी डी अक्षरासारखी फट राहील. उजवीकडचं टोक त्याच्या वर घ्या, मधल्या दोघांच्या मागून डावीकडे आणा आणि त्या फटीतून पुढे काढा. ओढा. ही अर्धी गाठ. दुसऱ्या अर्ध्याला हेच, पण सुरुवात उजवीकडून. इथेच नवखे चुकतात: दोन्ही वेळा डावीकडूनच सुरू करतात आणि पट्टी जिन्यासारखी पिळत जाते. तुमचं काम गोल फिरू लागलं तर उसवून ही बाजू तपासा.

पहिल्या ओळीत १४ गाठी. दुसऱ्या ओळीत दोन्ही कडांची दोन-दोन टोकं सोडा आणि उरलेल्यांचे चार-चार करून १३ गाठी. तिसरीत आणखी दोन-दोन सोडून १२. असं करत गेलात की १४व्या ओळीत एकच गाठ उरते आणि खाली टोक असलेला त्रिकोण तयार होतो. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा, आणि ते मापायला खरंच बोटच वापरा. प्रत्येक ओळीनंतर रुंदी मोजा. खाली जाताना हात आवळत जातो आणि कापड आत ओढलं जातं. शेवटी टोकं सारख्या लांबीत कापून कंगव्यानं पिंजा.

अडकवताना भिंत ओळखा. विटांच्या भिंतीत ६ मिमीचं भोक, गिट्टी (भोकात बसवायचा, स्क्रू धरून ठेवणारा प्लग) आणि स्क्रू. नव्या इमारतींतल्या पूर्ण काँक्रीटच्या भिंतीला हॅमर ड्रिलच लागतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधी गिट्टी सैल होते, त्या ब्लॉकसाठी मिळणारी वेगळी गिट्टी मागा. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत कधीच भोक पाडू नका, वायरची नळी बहुधा तिथूनच गेलेली असते. भाड्याच्या घरात चिकटणारे हुक वापरत असाल तर डिस्टेंपरच्या भिंतीवर ते टिकत नाहीत, रंगासकट उतरतात. अशा घरात मॅक्रमे पडद्याच्या दांड्याला किंवा कपाटाच्या बाजूला लावा.

पायरी ७: दिवे

छतावरची पांढरी ट्यूब आवरायला-शोधायला ठेवा, संध्याकाळसाठी मात्र खालच्या उंचीवरचे दोन दिवे हवेत. २७०० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, ५ ते ७ वॅटचे एलईडी. बल्बच्या खोक्यावर केल्विन लिहिलेले असतात, ते वाचूनच घ्या. नुसतं ‘वॉर्म’ म्हणून मागितलं तर कधी ३००० तर कधी ४००० हातात पडतो आणि गेरूची भिंत मळकट दिसते. बांबूची टोपली उलटी करून शेड बनवणं सोपं आहे, पण आत फक्त एलईडी, कधीही पिवळा तारेचा बल्ब नाही. पलंगावर पाठ टेकून बसल्यावर बल्ब थेट डोळ्यात येत नाही ना, एवढं पाहून उंची ठरवा. माळेचे दिवे मॅक्रमेत किंवा सुक्या गवतात गुंफू नका. त्यांचे स्वस्त अडॅप्टर तापतात.

पायरी ८: झाडं

तीन पुरे. खिडकीपाशी अरेका पाम, कोपऱ्यात स्नेक प्लांट, फळीवरून खाली सोडलेला मनीप्लांट. दोन-चार कुंड्यांनी खोलीची हवा शुद्ध होते हे विसरा, तेवढ्यानं मोजता येईल असा फरक पडत नाही. झाडं हिरवाईसाठी ठेवायची.

घरातली झाडं मरतात ती बहुतेक जास्त पाण्यानं. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. स्नेक प्लांटला पावसाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा दिलं तरी चालतं. माती नुसती नको: चार भाग माती, तीन भाग गांडूळखत, तीन भाग कोकोपीट किंवा जाड वाळू. कुंडीला भोक हवंच. पितळी घंगाळ किंवा तांब्याचा हंडा वापरायचा असेल तर झाड प्लास्टिकच्या भोकाच्या कुंडीत लावून ती आत ठेवा. थेट लावलं तर पाणी तळाशी साचून मुळं कुजतात आणि भांडंही डागाळतं.

बशीतलं आणि बाटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा न चुकता ओता, आणि आतली बाजू घासा. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि ती भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. झोपायच्या खोलीत ही चूक परवडणारी नाही.

मच्छरदाणी लागत असेल तर तीच छत्री करा. गोल कड्याची पांढरी सुती जाळी, हुक भिंतीपासून एक फुटावर, दिवसा ती दोन्ही बाजूंना बांधून ठेवायची.

पायरी ९: बारीकसारीक, आणि ते कुठे मिळतं

इथे हात आखडा. पलंगाच्या बाजूच्या स्टुलावर तीन वस्तू, फळीवर पाच. सगळ्या नव्या नकोत.

पुण्यात तांबट आळीत हातानं ठोके घातलेली तांब्याची भांडी बनतात, बुरूड आळीत टोपल्या, सुपं, दुरड्या मिळतात, आणि जुन्या बाजारात रविवारी-बुधवारी आरशाच्या चौकटी, पितळी कड्या हाती लागतात. मुंबईत कापडाला मंगलदास मार्केट, मातीच्या कुंड्यांना धारावीचा कुंभारवाडा, जुन्या लाकडी सामानाला चोर बाजार. वेगवेगळ्या आकारांच्या चार-पाच सुपांचा भिंतीवरचा समूह छापील ‘बोहो वॉल प्लेट्स’पेक्षा कितीतरी देखणा दिसतो. आधी जमिनीवर मांडून बघा, फोटो काढा, मगच भोकं पाडा.

बांबू-वेत आणलं की दोन दिवस बाजूला ठेवून खाली काळा कागद अंथरा. कागदावर पिवळसर भुकटी पडली तर आत किडा आहे, ती वस्तू परत करा. बांबूतल्या पिष्टावर तो जगतो आणि तुमच्या पलंगाच्या सॅपवूडमध्येही, म्हणजे सालीलगतच्या कोवळ्या लाकडातही, शिरू शकतो. निरोगी वस्तूच्या कापलेल्या टोकांना पातळ वॉर्निशचा हात द्या.

पम्पासला आपल्याकडे सुंदर पर्याय आहे: उसाचा तुरा. पश्चिम महाराष्ट्रात हिवाळ्याच्या तोंडाशी उसाला चंदेरी तुरे येतात. शेतकऱ्याला विचारून, अर्धवट उमललेले असतानाच दोन-अडीच फूट दांड्यासह काढा. पूर्ण फुललेला तुरा घरभर कूस सांडतो. जुडी बांधून सावलीत दोन आठवडे उलटी टांगा, मग हेअरस्प्रेचा हलका फवारा मारा. पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. आणि हे तुरे जूनपर्यंतच ठेवायचे, पाऊस लागला की टाकून द्यायचे.

पायरी १०: पावसाळ्याची तयारी

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घोंगडी आणि जाड चादरी उन्हात कडक वाळवा, पूर्ण थंड झाल्यावरच घडी करा. गरम घडी पिशवीत वाफ धरते. घड्यांमध्ये वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत ठेवा. डांबरगोळ्या झोपायच्या खोलीत नकोत. पावसाळाभर पलंगावर फक्त चादर, पातळ पलंगपोस आणि गोधडी राहू द्या.

मॅक्रमे महिन्यातून एकदा उतरवून झटका. त्यावर करडे ठिपके दिसले तर कोमट पाणी आणि साबणाच्या चुऱ्यात बुडवा, चोळू नका, टॉवेलात गुंडाळून दाबा आणि काठीसकट टांगून पंख्याखाली वाळवा. सुपं आणि टोपल्या कोरड्या ब्रशनं, कधीच ओल्या फडक्यानं नाही. सतरंज्या आठवड्यातून एकदा उचलून खालची फरशी कोरडी आहे का ते पाहा.

मग ऑक्टोबरचं ऊन. दसरा-दिवाळीच्या आवराआवरीत गादी, उशा, गोधडी, सतरंज्या सगळं गच्चीवर काढा. दुपारी एकदा उलटा, आणि दव पडायच्या आत, साडेचार-पाचलाच खाली आणा.